काच तुझी, लाकूड तुझं, माणूस माझा

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले भंगारवाले सहसा कोणाचं ऐकून घेत नाहीत. काकांचं मात्र ऐकायचे. जुनी फ्रेम भंगारात आली की काच वेगळी निघते, सागवानी चौकट वेगळी निघते आणि मधला फोटो फेकून देतात, कारण तो कागद रद्दीतसुद्धा चालत नाही. काका दुकानासमोर पत्र्याचा डबा उपडा घालून त्यावर बसायचे. त्यांचा सौदा एका वाक्यात संपायचा. "काच तुझी, लाकूड तुझं, माणूस माझा."

"ले जाव चाचा," भंगारवाला म्हणायचा, "अपने को मुर्दे का क्या काम?"

अट एकच. फ्रेम त्यांच्यादेखत उघडायची आणि काच पुसायची नाही. भंगारवाल्याच्या हातात फडकं दिसलं की ते ओरडायचे, "पुसू नको रे, पत्ता पुसशील!" काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचा थर असला तर बाई सवाष्ण गेली. नुसतं गंध असलं तर नवरा आधी गेला. एका कडेला उदबत्तीचा धूर बसलेला असला तर फोटो देव्हाऱ्याशेजारी होता, म्हणजे घरात जागा कमी. मागच्या पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्राचा पिवळा तुकडा, असं एकेक वाचत ते तासभर बसून राहायचे. जिवंत माणसांशी ते एवढा वेळ काढत नसत.

मी दोन गल्ल्या सोडून एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायचे. अजूनही बसते. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट आणि हार घालायचे फोटो, ही आमची रोजची कामं. माणूस गेला की दहाव्याच्या आत त्याचा मोठा फोटो हवा असतो आणि घरात एकही धड फोटो सापडत नाही. मग कोणाच्या तरी हळदीच्या ग्रुप फोटोतून म्हाताऱ्याचं डोकं उचलायचं, अंगावर कोट चढवायचा, मागे निळं आकाश टाकायचं. म्हातारी दहा वर्षं आधी गेली असेल तर तिला आणून शेजारी बसवायचं. जन्मात एकमेकांशेजारी बसून फोटो काढला नाही अशी कितीतरी जोडपी मी जुळवली आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, जरा गोरे करा, डाग काढा, दात बसवा. मी काढते, बसवते. एकदा हाताला सवय झाली की डोकं चालवावं लागत नाही, आणि तिथेच माझा घात झाला.

आमचे शेठ सिंधी, जिभेने तिखट, मनाने बरे. काका दारात दिसले की मला हाक मारायचे, "बेटा, पानी ला. मुर्दों का पोस्टमन आ गया." काका पाणी प्यायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एखादा कुजलेला फोटो शर्टाच्या आतून काढायचे आणि माझ्यासमोर ठेवताना दर वेळी तेच सांगायचे. "डाग काढ पोरी. माणूस काढू नको."

मी मान डोलवायचे. हजारदा ऐकलेलं वाक्य, त्याकडे कोण लक्ष देतो?

काका बदलापूर गावातले. म्हणजे स्टेशनाजवळच्या टॉवरांचं बदलापूर नाही, नदीकडचं जुनं गाव. नोकरी जांभूळच्या पाण्याच्या केंद्रावर, वॉलमनची. ठरल्या वेळी लाईनीचं चाक फिरवून गावाला पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. उभा जन्म पाणी सोडण्यात गेल्यामुळे असेल, माणसाची पारखही ते पाण्यावरून करायचे. फोटो घेऊन कोणाच्या दारात गेले की फोटोचं नावच काढायचे नाहीत. "लांबून आलोय," एवढंच म्हणून उभे राहायचे. घरातून पाण्याचा पेला आला तर बसायचे, पाणी पिऊन टाकायचे आणि मग पिशवीत हात घालायचे. "पाव्हना आनलाय तुमचा." पाणी आलं नाही तर पिशवी न उघडता परत फिरायचे.

"पानी विचारत नाय त्या घरात मानूस सोडायचा नाय," हा त्यांचा नियम.

"काका, हल्ली ओळखीच्यालासुद्धा कोणी पाणी विचारत नाही," मी म्हणायचे.

"म्हनून तर माझं घर भरलंय."

एकदा मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले होते. अंबरनाथ पूर्वेची नवी इमारत, अकरावा मजला. पिशवीत फेटा बांधलेले एक आजोबा होते, मिशा अशा की फोटोचाही दरारा वाटावा. दार नातवाने उघडलं. काका म्हणाले, "लांबून आलोय." त्याने विचारलं, "कुठून? मेंटेनन्सवाले का?" पाणी आलं नाही. काका वळलेच होते, पण मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तुमच्या आजोबांचा फोटो सापडलाय." तो दचकला, मागे बघत आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, आम्हीच दिला ना तो. इंटिरियरवाल्याने सांगितलं, भिंतीला एक खिळा नको. मिसेसपण घाबरते. तुम्ही पाण्यात सोडून द्या ना प्लीज." काकांनी पिशवीची गाठ घट्ट केली आणि लिफ्टमध्ये शिरताना पिशवीला म्हणाले, "चला आजोबा." नियम मोडला म्हणून ते स्टेशन येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सगळेच तसे नसत. कॅम्पातल्या एका सिंधी आजीकडे तिच्या वडिलांचा फोटो नेला, त्यांच्या सिंधमधल्या कापडाच्या दुकानासमोर उभे राहून काढलेला. सिंधी घरात पाण्याबरोबर भाजलेला पापड येतो. काका परत आले तेव्हा शर्टावर पापडाचा चुरा होता आणि तो त्यांनी दिवसभर झटकला नाही. शेठ म्हणाले, "साईं, झाड लो." काका म्हणाले, "राहू द्या, पावती हाय ती."

त्यांच्या घरात ज्यांची माणसं सापडली नाहीत असे चाळीसेक जण होते. चौकटी आणि काचा भंगारवाल्याच्या, त्यामुळे हे सगळे उघडे कागद. एका खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लावलेले. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. आत गेलं की नुसत्या पाठी दिसायच्या. मी विचारलं तर म्हणाले, "आपला कोन लागत नाय, तर त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचं कशाला? ज्याचा हाय तो येऊन वळवंल." मी मोठ्याने हसले की ते बोट ओठांवर ठेवायचे. "हळू. पाव्हनं हायेत."

काकी या पाव्हण्यांना कंटाळून मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्या होत्या. "मढ्यांच्या दोरीखाली बसून भाकरी खायाची का मी?" असं त्यांनी मलाच विचारलं होतं. सर्वपित्री अमावस्येला मात्र त्या येऊन स्वयंपाक करून द्यायच्या. ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही त्यांचा तो दिवस, आणि काकांच्या घरी तर सगळेच तसले. वडे, खीर, भाजी असं पान ते दोरीखाली मांडायचे. शेजारी कॅम्पातल्या गाडीवरून आणलेला दालपकवान, कारण दोरीवर चार सिंधी होते. एका गोल टोपीवाल्या म्हाताऱ्यासाठी मशिदीजवळच्या बेकरीतून आणलेली नानखटाई. काकी कपाळाला हात लावायच्या. काका म्हणायचे, "पंगतीत बसलेल्याला त्याचं आवडतं वाढावं. आपल्याला विचारायचं काय त्यात?"

हे वेड त्यांना लागलं कशापायी, ते मला उशिरा कळलं. जांभूळला एक आजी होती. काका नोकरीला नवे लागले तेव्हा पहाटे पाणी सोडलं की पहिला हंडा तिचा असायचा. ती सहा महिन्यांची असताना तिची आई वारली. बापाने वर्षाच्या आत दुसरी आणली आणि त्या बाईने पहिलीची लुगड्याची चिंधीसुद्धा घरात ठेवली नाही. आईचा एकच फोटो निघाला होता. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत, पडद्यासमोर खुर्चीवर बसून, मांडीवर तान्ही लेक. तो तिच्या माहेरी, अंबरनाथलाच राहिला. पुढे माहेरची माणसं पांगली आणि फोटो कोणाकडे गेला ते कोणाला सांगता येईना. आजीने आपल्या आईचं तोंड कधीच पाहिलं नव्हतं. तिला आत्याने सांगितलेली एक खूण तेवढी माहीत होती. आईच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते आणि मधला जरा खाली सरकलेला, कारण गोंदणारणीने सुई टोचली तेव्हा पोर दचकली.

"तू गावोगाव हिंडतस," ती काकांना म्हणाली होती. "खय गावला तं आन रे बाला. मना माझे आयसचं तोंड बगाचं हाय. मरायचे आदी येक डाव."

काका बोलून गेले, "आनतो." तेव्हा ते तिशीचेही नव्हते. माणूस जाता जाता बोलतो आणि विसरतो, तसं त्यांना करता आलं नाही. आधी तो एक फोटो शोधायला म्हणून ते भंगारवाल्यांकडे जाऊ लागले आणि तो मिळेना तोवर दुसऱ्यांचे गोळा होत गेले. दर वेळी जांभूळला गेले की आजी विचारायची, "गावला?" ते म्हणायचे, "बघतोय." असं म्हणता म्हणता त्यांचे केस पिकले, नोकरी संपली, आजी ऐंशीच्या पुढे गेली.

आणि तो गावला.

अंबरनाथ गावातलं एक जुनं घर पाडलं, त्याचं सामान तिथल्या भंगारवाल्याकडे आलं. काकांनी घराच्या मालकांचं आडनाव विचारलं, तर ते आजीच्या मामांचं. फोटोत रंगवलेला पडदा, खुर्ची, खुर्चीवर नऊवारीतली पोरसवदा बाई आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल. काका तसेच स्टुडिओत आले. पाण्याचा पेला त्यांनी उभ्यानेच तोंडाला लावला. घोटभर पाणी शर्टावर सांडलं.

फोटोची दशा वाईट होती. काचेला चिकटून पापुद्रे सुटलेले आणि गळ्यापासून नाकापर्यंत बुरशीचे काळे ठिपके पसरलेले. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. त्यांनी फोटो नाकाजवळ नेला, लांब धरला आणि शेवटी माझ्यापुढे ठेवला. "मला सगळे डागच दिसतात. तू बघ." मग नेहमीचं वाक्य. आजीच्या आईच्या गोंदणाची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली नाही. माझ्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा होता. मीही काही विचारलं नाही.

त्या फोटोवर मी तीन दिवस काम केलं. शेठ ओरडत होते, लग्नाचे अल्बम पडून होते, तरी केलं. एकेक ठिपका मोठा करून पुसला. डोळे इतके सुंदर होते त्या बाईचे की हात आवरेना. पडद्यावर चेहरा हळूहळू स्वच्छ होत गेला तसा मला माझाच अभिमान वाटायला लागला. इतकं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं. झाल्यावर ते मूळ स्कॅनवरच सेव्ह केलं, कारण शेठचा नियम होता, कॉम्प्युटरमध्ये जागा नाही, एका फोटोची एकच फाइल.

काकांचाही एक नियम होता. नवा फोटो झाला की जुना, खराब झालेला उल्हास नदीत सोडायचा. भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, तसा भंगलेला माणूस घरात ठेवायचा नाही, आणि एक माणूस दोन ठिकाणी राहू नये. त्यांनी गावाजवळच्या पुलावरून जुना फोटो फुलांसकट सोडला. मीही बरोबर होते. नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जांभूळला गेलो. नवी फ्रेम, नवी काच, वरून वर्तमानपत्र. खरं सांगायचं तर मी माझं कौतुक ऐकायला गेले होते. आजीच्या ओटीवर बसलो. सुनेने तांब्याभर पाणी आणून ठेवलं. काका सगळा तांब्या प्याले. मग म्हणाले, "आजी, तुमचा पाव्हना आनलाय."

आजीने आधी पदराने हात पुसले. मग डोळे पुसले. फ्रेम मांडीवर घेतली आणि तोंड इतकं खाली नेलं की तिचा श्वास काचेवर उमटला. बोट काचेवरून फिरत फिरत हनुवटीवर आलं आणि तिथेच घुटमळलं. तिने सुनेला हाक मारली. "बग गं, हितं काय हाय?"

सून वाकली. "काय नाय आत्याबाई. साफ हाय."

"तीन टिपकं?"

"नाय."

आजीने फ्रेम काकांच्या हातात परत दिली. रागाने नाही, अगदी सावकाश. "ही नाय रे बाला. माझे आयसचे हनवटीवं गोंदान व्हतं. ही कोनाची तरी दुसऱ्याची हाय." मग म्हणाली, "जेची आयस हाय तेला नेऊन दी. त्यो पन वाट बगत आसंल."

अंबरनाथच्या त्या घरात मामी होत्या, मावश्या होत्या, आणखी कोणाच्या मांडीवर आणखी कोणाचं तान्हं असूही शकत होतं. गोंदणाशिवाय ओळखायला काहीच नव्हतं. काका मान खाली घालून फ्रेमला वर्तमानपत्र गुंडाळत होते, तेव्हा मला आठवलं. हनुवटीवर ठिपके होते. गळ्यावर होते, गालावर होते, हनुवटीवरही होते, आणि मी सगळे पुसले होते. मला तिथेच बोलता आलं असतं. ओटीवर आम्ही चार माणसं होतो, आजी समोर बसली होती, तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी उघडलं नाही. येताना रिक्षात काका म्हणाले, "माझीच चूक झाली पोरी. घाई केली," तेव्हाही उघडलं नाही. ती लाज आजही माझ्या पोटात जशीच्या तशी आहे.

आठ दिवसांनी काका स्टुडिओत आले तेव्हा मी सांगितलं. रडत सांगितलं. ते स्टुलावर बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"किती होते?"

"माहीत नाही काका. मी मोजले नाहीत. मला सगळे डागच वाटले."

"मधला खाली होता?"

मी डोळे मिटून आठवून पाहिलं. अजूनही पाहते. कधी तीन दिसतात, कधी पाच, कधी नुसती बुरशी. मूळ फोटो नदीत आणि मूळ फाइल माझ्याच हाताने पुसलेली. मी म्हणाले, "मी परत काढून देते. तीन ठिपके, मधला खाली. अर्ध्या तासाचं काम आहे. आजी ओळखेल."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्टुडिओतून पळून जावंसं वाटलं. "आनि मग ती कोनाची आई?" ते म्हणाले.

मी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. ते उठले आणि पायऱ्या उतरून गेले. शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "क्या हुआ? साईं ने पानी नहीं पिया?" मी आत जाऊन पेला मोरीत ओतला.

त्यानंतर ते आले नाहीत. भंगारवाल्यांकडेही जाईनासे झाले. मी दोनदा त्यांच्या घरी गेले, दार बंद होतं, की आतून उघडलं नाही, कोण जाणे. जांभूळच्या आजी महिन्या-दीड महिन्यात गेल्याचं कानावर आलं. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

गेल्या वर्षी काका गेले. त्यांचा मुलगा हार घालायचा फोटो करून घ्यायला माझ्याकडेच आला. त्याच्याकडे बापाचा एकच फोटो होता, निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेताना आठ-दहा जणांत उभे असतानाचा. तो म्हणाला, "पप्पांच्या गालावर डाग आलाय, तो जरा काढा."

"डाग आहे की तीळ आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "काढा ना. काय फरक पडतो?"

मी त्याच्यासमोरच काकींना फोन लावला. काकी म्हणाल्या, "तीळ हाय तो. डाव्या गालावं. हात लावू नको." मी हात लावला नाही. काकांच्या चेहऱ्यावरची एकही रेघ मी हलवली नाही. आठ-दहा जणांतून त्यांना एकट्याला बाहेर काढलं, तेवढंच.

जाताना तो मुलगा म्हणाला, "गावातलं घर बिल्डरला दिलंय. त्या खोलीतले फोटो मी नदीत सोडणार आहे. तुम्हाला त्यातलं काय पाहिजे असेल तर घेऊन जा. तुमची पण मेहनत आहे त्यात." तसा तो वाईट नव्हता. चाळीस परक्या मढ्यांचं त्याने काय करायचं? माझंही घर एका खोलीचं. मी एक पिशवी घेऊन गेले. दोऱ्यांवर सगळे तसेच पाठमोरे होते. हाताला लागतील ते सात-आठ काढून घेतले, बाकीचे नंतर नदीत गेले. शेवटच्या दोरीच्या टोकाला नवा, जाड कागद दिसला. माझ्या हातचा प्रिंट मी पाठीवरूनही ओळखला. काढताना कागदाच्या मागे बोटाला काहीतरी खरखरलं.

उलटा केला. तीच बाई, तेच डोळे. हनुवटीवर तीन काळे ठिपके, मधला खाली सरकलेला. पेनाने काढलेले नव्हते. सुईने टोचून आत काजळ भरलेलं होतं, गोंदणारणी भरतात तसं. खिडकीकडे धरला तर तिन्ही ठिकाणांतून बारीक उजेड आला.

मी दुसऱ्याच दिवशी जांभूळला गेले. आजीच्या सुनेने ओळखलं. ओटीवर बसवलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी फोटो पुढे केला तशी ती म्हणाली, "हा तं म्हातारीचा. त्यांनी परत आनला व्हता ना. म्हातारी हातरुनाला खिळली व्हती तवा. बोल्ले, आजी, काचेवं धूल व्हती, माझे हातून नीट पुसला गेला नाय, आता बगा. म्हातारीनं नखानं चाचपला. येक, दोन, तीन. मंग 'आय गं' असी बोल्ली नं फोटू छातीवं ठेवला. चार दिस तसीच व्हती. तसीच गेली."

मला रडू आवरेना. तिला वाटलं, मला बरं वाटतंय.

"तेराव्याला त्ये आलं तवा फोटू परत मागलान," ती पुढे म्हणाली. "आमी बोल्लो, ऱ्हाव द्या, म्हातारीचे बाजूला लावू. नाय बोल्ले. बोल्ले, हिची मानसं आजून गावली नाय. आमाला काय समजलाच नाय. म्हातारी तं ओलखून गेली." मग आठवून म्हणाली, "आनि तवा नं पानी पन नाय प्याले. दोनी येलेला नाय. येवडं उनातान्हाचं आलं व्हतं."

मी तांब्याकडे बघत बसले होते. सून वाकून फोटो बघत होती.

"खरी म्हातारीचीच आयस ना ही?" तिने सहज विचारलं.

त्याच ओटीवर दुसऱ्यांदा कोणी मला तोंड उघडायला जागा करून दिली होती. मी सांगितलं. बुरशी, ब्रश, नदी, सुई, सगळं. असेलही, नसेलही, मला माहीत नाही आणि आता कोणालाच कळणार नाही, असं म्हणाले. माझं पुसणं काकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं, तेही सांगितलं.

तिने फोटो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "मंग म्हातारी मरताना आय कोनाला बोल्ली?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. ओटीवरचा तांब्या उचलला आणि आत घेऊन गेली. पाण्याला मी अजून हात लावला नव्हता. थोडा वेळ थांबून मी फोटो पिशवीत ठेवला आणि उठले.

आता बाकीच्या सात-आठांसारखा तोही माझ्या घरी आहे. दारामागे खिळा आहे, त्याला चिमट्याने लावलाय, तोंड भिंतीकडे. काच नाही, चौकट नाही. रविवारी घर झाडते तेव्हा त्याच्या पाठीवरची धूळ पुसते आणि फडकं तीन ठिकाणी अडतं.